शाळेची परसबाग : नऊ महिने मुलांची, तीन महिने गावाची

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा हे गाव वसलेले आहे. उत्तरेस अंबाबरवा अभयारण्याचा डोंगराळ मुलूख आणि दक्षिणेस पूर्णा नदीकडे उतरत जाणारे काळ्या जमिनीचे खोरे, अशी या परिसराची ठेवण आहे. कपाशी, सोयाबीन, तूर ही येथील शेतकऱ्यांची ओळखीची पिके. अशा गावातील मुलांना शेतीची नवलाई नसते. पेरणी, डवरणी, निंदण हे शब्द ती अक्षरे गिरविण्याच्या आधीपासून ऐकत असतात. मग शाळेच्या आवारात त्यांच्याकडून पुन्हा भाजीपाला लावून घेण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न एखाद्या शेतकऱ्याने विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. तथापि घरच्या शेतात मूल सांगितलेले काम करते. काय पेरावे, किती पेरावे, कधी पाणी द्यावे हा निर्णय वडीलधाऱ्यांचा असतो. शाळेच्या वाफ्यात तो निर्णय मुलांनी मिळून घ्यावयाचा असतो आणि चुकल्यास त्याचे फळही त्यांनीच पाहावयाचे असते. शिवाय गावातील प्रत्येक मुलाच्या घरी जमीन असतेच असे नाही. शेतमजुराच्या मुलाला आपली म्हणता येईल अशी तीन चौरस मीटर जमीन कदाचित शाळेतच प्रथम मिळते.

शालेय परसबागेचा विचार आपल्याकडे नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तीतून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली. हातउद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची जी योजना या समितीने आखली, तीत सूतकताई व सुतारकाम यांच्या बरोबरीने शेती आणि फळे-भाजीपाल्याची लागवड यांनाही स्थान होते. त्याच सुमारास मध्य प्रांत व वऱ्हाडात पंडित रविशंकर शुक्ल यांच्या पुढाकाराने विद्यामंदिर योजना पुढे आली. गावाने शाळेला जमीन द्यावी व तिच्या उत्पन्नावर शाळेचा खर्च भागावा, अशी तिची कल्पना होती. बुलढाणा जिल्हा त्या काळी याच प्रांतात मोडत असे. सेवाग्राम येथे २००५ साली ‘आनंद निकेतन’ या नावाने नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली असून तेथे शेतीकाम हा शिक्षणाचाच भाग मानला जातो. अलीकडे, ऑक्टोबर २०१९ मध्ये, केंद्र शासनाने शालेय पोषण परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळेत पिकलेली भाजी मुलांच्या माध्यान्ह भोजनात वापरली जावी, असा त्यांचा रोख आहे.

या इतिहासातील एक गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. योजनेची आर्थिक बाजू अवास्तव पुढे येऊन शिक्षणाची बाजू मागे पडण्याचा धोका आहे, असा इशारा झाकिर हुसेन समितीने आपल्या अहवालातच देऊन ठेवला होता. परसबागेतून किती किलो भाजी निघाली एवढेच विचारले जाऊ लागले की बागेचे काम हळूहळू शिपाई किंवा स्वयंपाकी बाई यांच्याकडे जाते आणि मुले कुंपणाबाहेरून पाहू लागतात.

उत्पन्नाचा हिशेब एकदा मोकळेपणाने मांडलेला बरा. माध्यान्ह भोजनात पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज ५० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास ७५ ग्रॅम भाजीपाला असावा, असे प्रमाण ठरलेले आहे. प्राथमिक वर्गांची १०० मुले असतील तर दिवसाला ५ किलो भाजी लागेल. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद असे १६ वाफे केले तर लागवडीचे क्षेत्र ४८ चौरस मीटर होते. पालेभाजी चांगली साधल्यास दर चौरस मीटरला सुमारे एक किलो मिळते, असे धरू. म्हणजे सर्व वाफे एकदा काढून झाले तरी नऊ-दहा दिवसांचीच सोय होईल. तेव्हा शाळेचे पोट परसबागेने भरेल अशी आशा कोणी दाखवू नये. हे वाफे मुलांना शिकवितात आणि अधूनमधून ताटात ताजी भाजी आणतात. आपल्या हातची म्हणून एरवी नाक मुरडणारे मूलही ती खाते, हा लाभ पुरेसा आहे.

जागा, जमीन आणि वाफे

डोंगरालगतची जमीन मुरमाड व हलकी असते. पूर्णेकडे जावे तसतशी ती काळी व खोल होत जाते. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि रोपे पिवळी पडतात. सबब अशा ठिकाणी सपाट वाफे न करता सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करावेत. वाफ्याची रुंदी मुलाच्या हाताच्या मापाने ठरवावी. वाफ्यात पाय न ठेवता दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचला पाहिजे. मोठ्या मुलांना एक मीटर रुंदी चालते. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ती ९० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. दोन वाफ्यांमध्ये एका हाताएवढी, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटरची वाट सोडावी. ही मापे शिक्षकांनी आखून देऊ नयेत. दोरी, खुंट्या व मोजपट्टी मुलांच्या हाती द्यावी. काटकोन जुळविताना त्यांच्यात जो वाद होतो तो भूमितीचा उत्तम तास असतो. प्रत्येक वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत दोन घमेली मिसळावे. कच्चे शेणखत घातल्यास हुमणी व वाळवी यांना आमंत्रण मिळते.

कुंपणाकडे मात्र मोठ्यांनीच लक्ष पुरवावे. शेळ्या, मोकाट गुरे आणि जंगलालगतच्या भागात माकडे व रानडुकरे यांच्यापासून बाग राखणे हे मुलांच्या शक्तीबाहेरचे काम आहे. एका रात्रीत फस्त झालेली बाग पाहून मुलांचा जो विरस होतो तो पुढच्या वर्षीही निघत नाही.

कामाची वाटणी

सामुदायिक कामात जे सर्वांचे असते त्याला पाणी कोणीच घालत नाही, हा अनुभव गावच्या माणसांना निराळा सांगावयास नको. तद्वतच प्रत्येक मुलाला एकेकट्याने वाफा दिल्यास आजारी पडलेल्या किंवा मजुरीसाठी आईवडिलांबरोबर परगावी गेलेल्या मुलाचा वाफा सुकून जातो. म्हणून सहा-सहा मुलांची तुकडी करून तिला एक वाफा पूर्ण हंगामासाठी सोपवावा. १६ वाफ्यांत ९६ मुले सामावतात. तुकडीत निरनिराळ्या इयत्तांची, निरनिराळ्या वस्त्यांची मुले व मुली एकत्र असाव्यात. रोपवाटिका, खताचा खड्डा व पाण्याची व्यवस्था ही कामे सर्व तुकड्यांनी आठवड्याच्या पाळीने करावीत.

खणण्याचे काम मुलांनी व निंदण-पाण्याचे काम मुलींनी करावे, अशी वाटणी आपोआप होऊन बसते. घरोघरी तशीच चाल असल्यामुळे ती कोणाला खटकतही नाही. शाळेत ती मोडावी. कुदळ व झारी यांची पाळी फळ्यावर लिहिलेली असली म्हणजे वाद राहत नाही. तसेच बागेतील काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. उशिरा आलेल्या मुलास वाफा निंदावयास लावला की निंदण हे हलक्या माणसाचे काम, हा समज त्याच्या मनात पक्का होतो, आणि मग परसबाग नसलेली परवडली.

एखाद्या तुकडीचा वाफा बिघडला तर तो तसाच राहू द्यावा. वरिष्ठांची भेट ठरली की आदल्या सायंकाळी बाजारातून रोपे आणून रिकामे वाफे भरण्याचा मोह होतो. पाहुण्यांना हिरवी बाग दिसते खरी, पण मुलांना त्यातून जे शिकावयास मिळते ते शेतीचे शिक्षण नव्हे. रिकाम्या वाफ्यापाशी उभे राहून, बी खोल पडले काय, पाणी तुंबले काय, मुंग्यांनी बी नेले काय, याची चर्चा करण्यात तास गेला तरी तो सत्कारणी लागला असे समजावे.

काय लावावे

विदर्भातील शाळा उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे राज्यातील इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. तोवर पाऊस दाराशी आलेला असतो. प्रारंभ मोठ्या दाण्याच्या व लवकर उगवणाऱ्या बियांनी करावा. चवळी, गवार व भेंडी ही या दृष्टीने सोयीची आहेत. चवळीचा दाणा लहान बोटांना धरता येतो आणि चार-पाच दिवसांत कोंब वर येतो. पहिलीतील मुलाचा धीर तेवढाच टिकतो. भेंडीचे बी रात्रभर भिजवून दोन ओळींत ३० सेंटिमीटरवर टोकावे. एका वाफ्यात सुमारे २० झाडे बसतात व पन्नास दिवसांच्या आत-बाहेर पहिला तोडा मिळतो. बी त्याच्या जाडीच्या दोन-अडीच पटीपेक्षा खोल जाऊ नये. कुंपणाच्या कडेने दोडका, कारले व वाल चढवावेत. काळ्या जमिनीत भर पावसाळ्यात मेथी व कोथिंबीर करू नये, ती सडते.

पालेभाज्यांचा खरा हंगाम पाऊस ओसरल्यावर येतो. ऑक्टोबरपासून मेथी, पालक, मुळा, गाजर, कांदा आणि वऱ्हाडात जिला सांबार म्हणतात ती कोथिंबीर घ्यावी. सांबाराचे धने पेरण्यापूर्वी हलक्या हाताने रगडून दोन भाग करावेत, कारण प्रत्येक धन्यात दोन बिया असतात. मेथीला तीन चौरस मीटरच्या वाफ्यास ८ ते १० ग्रॅम बी पुरते. मुले मूठभर फेकतात व रोपे दाट उगवतात; अशा वेळी निम्मा वाफा विरळून व निम्मा तसाच ठेवून महिन्याने दोन्ही बाजूंची जुडी तोलावी. वांगी व टोमॅटो यांची रोपे सप्टेंबरमध्ये टाकून चार ते सहा आठवड्यांनी लावावीत.

याखेरीज एक वाफा रानभाज्यांसाठी राखावा. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांतून येणारी मुले करटोली, तरोटा, घोळ यांची ओळख शिक्षकांपेक्षाही चांगली जाणतात. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा त्या वाफ्यापाशी इतरांना शिकवू लागतो. अनोळखी पाला मात्र घरच्या जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय भोजनात वापरू नये.

पाणी

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. संग्रामपूर तालुक्याचा काही भागही त्यात येतो. म्हणून शाळेच्या विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी लागवडीपूर्वी तपासून घ्यावे. जळगाव जामोद येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथील तज्ज्ञांचा सल्ला घेता येईल. पाणी काहीसे खारे असल्यास श्रावणघेवडा, गाजर व कांदा यांच्या वाटेस जाऊ नये, कारण ही पिके क्षार सोसत नाहीत. पालक व बीट बरेच सोसतात. एकच पाणी घेणाऱ्या शेजारशेजारच्या दोन वाफ्यांत घेवडा करपतो आणि बीट तग धरते, हे मुलांनी पाहिले तर आपल्या तालुक्याच्या जमिनीचा एक मोठा प्रश्न त्यांना पुस्तकाविना कळतो.

जेवणानंतर हात व ताटे धुतल्याचे पाणी बहुतेक शाळांत आवारातच डबके करून राहते. दर मुलामागे ते दोन लिटर धरले तरी १०० मुलांमागे २०० लिटर होते. हिवाळ्यात भाजीपाल्यास दर चौरस मीटरला दिवसाकाठी साधारणतः ४ लिटर पाणी लागते. म्हणजे एवढ्या पाण्यावर ५० चौरस मीटर, अर्थात वर सांगितलेले सर्व वाफे भिजू शकतात. हे पाणी प्रथम विटांचे तुकडे, खडी व वाळू भरलेल्या खड्ड्यातून गाळून घ्यावे. खड्ड्याच्या काठी कर्दळ लावावी. गाळलेले पाणी झाडांच्या बुडाशीच सोडावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या मुळा, गाजर, कोथिंबीर यांना ते न देता ती चोख पाण्यावर घ्यावीत.

दिवाळीच्या सुटीत पाण्याची खरी ओढाताण होते. सुटीपूर्वी वाफ्यांवर सोयाबीनच्या कुटाराचा दोन-तीन बोटे जाडीचा थर द्यावा, म्हणजे ओल टिकते व तणही कमी येते. गावातच राहणाऱ्या मुलांनी दोन दिवसांआड पाळीने पाणी द्यावे. कुटार हाताने उचलण्यापूर्वी काठीने हलवून पाहण्याची सवय मुलांना लावावी, कारण त्याखाली विंचू दडतो.

गोणपाटावरील परीक्षा

परसबागेत शिकलेली एक गोष्ट मुलांनी घरी न्यावी आणि वडिलांना करून दाखवावी, एवढा आग्रह कार्यकर्त्यांनी अवश्य धरावा. ती म्हणजे बियाण्याची उगवणशक्ती तपासणे. स्वच्छ धुतलेल्या गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यावर प्रत्येकी दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात. त्यावर दुसरा ओला तुकडा ठेवून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवावी व अधूनमधून पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. १०० पैकी जितके उगवले तितके टक्के, यात शेकडेवारीचे गणित आपोआप येते.

सोयाबीनचे साल पातळ व नाजूक असते. मळणीत, पोती आदळण्यात किंवा थप्पी उंच लावण्यात दाणा दुखावतो व बाहेरून चांगला दिसूनही उगवत नाही. घरचे बियाणे ७० टक्के उगवले तर एकरी ३० किलो पेरावे, हा प्रचलित हिशेब आहे. उगवण ६० टक्केच भरली तर तेवढीच रोपे येण्यासाठी ३५ किलो लागतील, हे त्रैराशिक सहावीतील मूल करू शकते. त्याहून बरेच कमी उगवल्यास ते बियाणे बाजूला ठेवणेच श्रेयस्कर. दुबार पेरणीचा प्रसंग ज्या घरावर आला आहे, तेथे या गोणपाटाची किंमत सांगावी लागत नाही. ही परीक्षा मेमध्ये किंवा जूनच्या प्रारंभी, बियाण्याची तजवीज करण्यास वेळ असतानाच व्हावयास हवी. म्हणून मुलांना ती एप्रिलमध्ये, सुटी लागण्यापूर्वी शिकवून ठेवावी.

एप्रिल ते जून

बहुतेक शालेय बागा पहिल्या उन्हाळ्यात संपतात. त्याचे कारण पिके वाळतात हे नव्हे, ती वाळणारच. वैशाखाच्या उन्हात बंद शाळेच्या आवारात पालेभाजी जगविण्याचा हट्ट धरणे हा पाण्याचा अपव्यय आहे. कारण असे की, जून उजाडतो तेव्हा जमीन टणक झालेली असते, कुंपण मोडलेले असते, खुरपी-घमेली कोणाकडे आहेत हे कोणास ठाऊक नसते आणि शिक्षकांची बदली झालेली असते. तेव्हा हंगाम मार्चअखेर ठरवून संपवावा. भेंडी, चवळी, दोडका, वाल यांची काही फळे झाडावरच वाळू देऊन बी धरावे व प्रत्येक तुकडीने आपल्या बियांची पुडी, वरती पिकाचे नाव व साल लिहून, राख मिसळून डब्यात ठेवावी. शेवगा, कढीपत्ता, लिंबू अशी मोजकी झाडे तेवढी उन्हाळ्यात जगवावीत; प्रत्येकाजवळ मातीचे सच्छिद्र मडके पुरून ते चार-आठ दिवसांनी भरले तरी झाड तग धरते.

येथून पुढे काम गावाचे. एखाद्या शेतकऱ्याने आपली नांगरट आटोपल्यावर शाळेच्या तुकड्यातून एक पाळी मारून द्यावी. जमीन तापली की कोष व तणांच्या काशा मरतात. शाळा व्यवस्थापन समितीने मडकी भरण्याचे काम एका घराकडे व अवजारांच्या खोलीची किल्ली दुसऱ्या घराकडे सोपवून दोन्ही नावे नोंदवहीत लिहून ठेवावीत. शेजारच्या दोघातिघांनी कुंपणाची डागडुजी करावी. मे महिन्यात गाडीभर कुजलेले शेणखत कुंपणाच्या आत पडले तर मुलांचा जुलै महिना वाचतो.

बागेत रासायनिक कीटकनाशकाला मुळीच थारा देऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, ते कामाची सवय असलेले लोक होते. औषधाचे रिकामे डबे पाणी घालण्यासाठीही शाळेत आणू नयेत. मावा, तुडतुडे यांच्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क पुरेसा आहे. अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, कापडातून गाळून, पाण्याने दहा लिटर करावी व त्यात २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा. अर्क मोठ्या माणसाने फवारावा. निंबोळ्या गोळा करण्याचे काम मात्र निखालस मुलांचे आहे, आणि ते उन्हाळी सुटी संपता संपताच येते. शाळेचे दार उघडते त्या आठवड्यात निंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडलेला असतो. वाफे अजून ओले व्हावयाचे असतात, पुस्तके अजून वाटावयाची असतात. तेवढ्यात प्रत्येक तुकडीने एक टोपली भरून, गर धुऊन, निंबोळ्या सावलीत वाळत घालाव्यात.